हिरवी प्लेट

९ मे १९८३, निपाणी
आलो बाबा एकदाचा! येळ्ळूरच्या आमच्या घरात पांढरा कोट घालणारा मीच पहिला. दवाखान्याची लॅब एका खोलीची, पण तिथला राजा मी. डॉक्टर मारुतीरावांनी काम सोपं करून सांगितलं: जुलाबाचा नमुना जंतू वाढवायच्या हिरव्या प्लेटवर लावायचा. दुसऱ्या दिवशी पिवळे ठिपके उठले तर कॉलरा, नाहीतर नाही. राहायला राजाबाईंच्या घरात खोली मिळाली. त्यांची लेक जयाबाई बाळंतपणाला माहेरी आलीय, सातवा महिना. मायलेकींनी एवढं वाढलं की उठताना भिंत धरावी लागली.

१२ मे
आमच्याच गल्लीतले तीन नमुने. पिवळा ठिपका एकही नाही. ऐटीत लिहिलं, ‘कॉलरा नाही’, आणि झोकदार सही ठोकली. प्लेटा उकळायला टाकताना मात्र दिसलं, हिरव्यावर हिरवेच ठिपके दाटलेत. डॉक्टर म्हणाले, हिरवं काहीही उगवतं, नादी लागू नका.

१३ मे
गल्ली भीतीनं पाणी उकळून पितेय, सरपण संपत आलंय. विहिरीवर राजाबाईंनी विचारलं, “नागोजीआण्णा, कॉलरा न्हाय न्हवं? मग उकळायचं कशाला?” मी म्हटलं, काही गरज नाही. गल्लीतला म्हातारा आण्णाप्पा तरी नकारार्थी मान हलवत राहिला. म्हणून पोहऱ्यातलं पाणी सगळ्यांदेखत घटाघटा प्यायलो. काय हशा पिकला! घरी आलो तर पाण्याचं पातेलं चुलीवरून उतरवलेलं होतं.

१५ मे
नऊ नमुने. नऊही प्लेटांवर हिरवेच ठिपके. एक थेंब मायक्रोस्कोपखाली धरला. स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू, पिसाळल्यासारखे धावत होते. हुबेहूब कॉलरा! पण ज्यानं कॉलराचे जंतू गोळा होतात ते सीरम घातलं तर गुठळी होईना. म्हणजे हा कॉलराचा कुणी भाऊबंद आहे आणि मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही. डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी माझ्याच सहीचे रिपोर्ट पुढे टाकले. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणारे नगरपालिकेचे लोक कॉलराचा रिपोर्ट मागतात, तो आणू कुठून, म्हणाले. घरी येऊन सांगितलं, पाणी उकळा. राजाबाई हसल्या. “तुम्हीच प्यालासा की आमच्याम्होरं!”

१६ मे
आण्णाप्पा गेला. दोन दिवस विहिरीचं पाणी न उकळता पीत होता, माझ्या शब्दावर. मला लाज वाटतेय, भीती त्याहून जास्त. दुपारपासून पोटात कळ—

१७ मे, सकाळ
जयाबाई. पहाटेपासून आठ वेळा जुलाब. डोळे खोल गेलेत. सलाइन चालू आहे. राजाबाई माझा हात धरून विचारतात, “पोर हलंना झालंय वो. तुम्ही न्हाय म्हनलासा न्हवं?”

दुपार
मीही बारा वेळा. पिंडऱ्यांत गोळे. लॅबकडे येताना विहिरीवर बायका घागरी भरत होत्या. ओरडायला गेलो. आवाजच फुटेना. हातानं ‘भरू नका’ खुणावलं. त्यांना वाटलं, हात हलवतोय. त्यांनीही हलवले—

संध्याकाळ
जयाबाईची प्लेट आणि माझी, शेजारी ठेवल्यात. नावं घातलीत. उद्या पिवळं काही दिसणार नाही. उद्या जो कुणी येईल त्यानं— नीट बघा— उजेडात धरा— कॉलरा नाही असं लिहू नका— हिरवी आहे म्हणून उकळून टाकू न