खुर्ची गप्प का?

प्रिय भुंग्या,

तुझा निरोप येऊन आज अकरा दिवस झाले. दोन ओळींच्या निरोपाला उत्तर द्यायला अकरा दिवस लावले, म्हणजे मला काही पडलेलं नाही, असं तू धरून चालला असशील. तसं नाही. एक तारखेला राजीनामा देतोयस, दाजींच्या पंपांच्या दुकानात बसणार आहेस, ‘पंप बिघडला तर निदान कुठे बिघडला ते कळतं,’ हे वाचलं. आणि खालची ओळही वाचली : ‘आमच्या सिनेमावरचा तो मुक्या उंदराचा अभिप्राय पाहिलास ना? शेवटची सतरा सेकंदं माझी होती. लिहिणारा जाणकार दिसतो. बरोबरच असेल.’ एक तारखेला अजून सहा दिवस आहेत. टपालाचे दोन धरले तरी चार उरतात, म्हणून आज बसूनच हे पूर्ण करणार आहे.

दीड वर्षात आपण बोललो नाही, म्हणून आधी माझी हकिगत. आपला आवाजाचा कोर्स संपल्यावर तू सिनेमांचा आवाज तयार करायला गेलास आणि मी तयार झालेला आवाज लोकांपर्यंत धड पोचतो की नाही ते बघायला. माझं थिएटर चारशे बारा खुर्च्यांचं. वर काचेमागे माझी खोली : एक प्रोजेक्टर, आवाजाच्या यंत्रांचं माणसाएवढं कपाट, एक स्टूल, आणि बाहेरचं काही ऐकू येऊ नये इतकी जाड भिंत. मॅनेजरसाहेब भले गृहस्थ आहेत, पण त्यांना कल्पना फार सुचतात. या वर्षीची कल्पना म्हणजे अभिप्राय वही. दाराशी टेबलावर दोरीने पेन बांधलेली जाडजूड वही ठेवली आहे. लोक निघताना लिहितात आणि रोज सकाळी मी ते संगणकात उतरवते. ‘तुमचं अक्षर चांगलं आहे,’ असं म्हणून साहेबांनी ते काम मला दिलं. टाइप करायला अक्षर कशाला चांगलं लागतं, हे मी विचारलं नाही.

तर तुमच्या सिनेमाच्या तिसऱ्या भागाचे अभिप्राय मी पहिल्या दिवसापासून वाचते आहे. एवढी वही कधीच भरली नव्हती. ‘पहिल्या भागातला पांढरा घोडा कुठे गेला? उत्तर हवे.’ ‘तीन भाग झाले, बाई त्याच चपलांवर डोंगर चढते आहे. चप्पल कोणत्या कंपनीची?’ ‘मध्यंतरं दोन हवीत. — एक मधुमेही.’ एका काकूंनी लिहिलं, ‘राणी मेली तेव्हा सगळे रडले. मला माझ्या सासूबाई आठवल्या, मी नाही रडले.’ त्याखाली वेगळ्या शाईत, ‘मी शेजारीच बसलो होतो. रडली होती. — नवरा.’ आमच्या तिकीट खिडकीवरच्या मावशी रोज मला विचारतात, ‘आज कोण भांडलं गं वहीत?’ त्यांनी सिनेमा पाहिलेला नाही, पण वहीवरून त्यांना सगळी गोष्ट पाठ आहे.

आणि गोष्ट तरी काय, मोठी साधी आहे. दोन भाग आपण ऐकत आलो की डोंगर झोपला आहे. त्याच्या अंगावर गावं वसली, राज्यं झाली, लढाया झाल्या, आणि तो झोपलाच आहे. ती नावाडीण तीन भाग चालते ती फक्त त्याला उठवायला. शेवटी ती त्याच्या उघड्या दगडावर हात ठेवते आणि थांबते. सतरा सेकंद पडद्यावर काहीही हलत नाही. फक्त दगडावरची धूळ. मग ती हसते आणि सिनेमा संपतो.

पहिल्या आठवड्यात या सतरा सेकंदांत आमच्या थिएटरात काय होत होतं, ते तुला सांगायलाच हवं. शिट्ट्या होत होत्या. ‘अरे, आवाज!’ ‘वायर निघाली का रे?’ ‘डोंगर उठला, आता तुम्ही उठा!’ या शेवटच्यावर अख्खं थिएटर हसायचं. वहीत रोज सात-आठ जण लिहायचे की शेवटी आवाज गेला, मशीन दुरुस्त करा. मी दर वेळी काचेमागून मीटर बघायची. मीटरवर शून्य. म्हणजे सिनेमातच काही नाही. साहेबांना मी ठामपणे सांगितलं की यंत्रात दोष नाही, दोष वरून आला आहे. ‘वरून’ म्हणजे जिथे सिनेमा तयार होतो तिथून. म्हणजे तुझ्याकडून, पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नावांची पाटी सुरू झाली की मी दिवे लावते. झाडलोट करणाऱ्यांना वेळ हवा, असा नियम आहे. तुझं नाव कुठे तरी खालच्या ओळींत आहे, हे मला तुझ्या निरोपावरून कळलं, आणि ती सतरा सेकंदं तुझी आहेत हेही. तीन वर्षांच्या कामात तुला एकट्याला दिलेली तेवढीच जागा.

नवव्या दिवशी सकाळी वहीत एक अभिप्राय होता. अक्षर मोठं, सरळ, पट्टीने ओढल्यासारखं. जसाच्या तसा लिहिते : ‘मला जन्मापासून ऐकू येत नाही. सिनेमा मी खुर्चीने ऐकतो. चार दिवसांपूर्वी कामासाठी बाहेरगावी होतो, तिथे हा सिनेमा पाहिला. डोंगर उठला तेव्हा खुर्ची बोलली. ते परत ऐकायला इथे आलो. इथली खुर्ची गप्प का? — सुतार.’

मी ते तीनदा वाचलं. मग उतरवून घ्यायचं सोडून वर गेले. कपाटाचं मागचं दार उघडलं. सगळ्यात खालच्या खणात, खोल आवाजाच्या यंत्रावर, एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर सात महिन्यांपूर्वीची तारीख, माझी सही, आणि माझ्या त्या चांगल्या अक्षरात एकच शब्द : ‘तात्पुरतं’.

आपल्या धंद्यात या शब्दाइतकं कायमचं काही नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. झालं होतं असं की आमच्या भिंतीला लागून एक दातांचे डॉक्टर होते. मोठा सिनेमा लागला की त्यांच्या ट्रेमधली हत्यारं नाचायची. ते एकदा तावातावाने आले आणि म्हणाले, ‘साहेब, तुमचा राक्षस गर्जतो आणि माझा पेशंट खुर्चीतून उडी मारतो. दात एकीकडे आणि मी एकीकडे!’ तेव्हा मी तिथे एक गाळणी बसवली : पस्तीस हर्ट्झच्या खालचा, अगदी खोल आवाज पुढे जाऊच द्यायचा नाही. कानाला तसाही त्यातला फारसा भाग लागत नाही. दोन महिन्यांत डॉक्टर दुसरीकडे गेले. गाळणी राहिली. आणि मी रोज जे मीटर बघत होते ते गाळणीनंतरचं होतं. चहा गाळून झाल्यावर कपात बघायचं आणि म्हणायचं की बाईने चहापत्ती टाकलीच नाही, असला तो प्रकार.

मी गाळणी काढली. फाइल तपासली. तुझी ती सतरा सेकंदं अठरा ते चोवीस हर्ट्झमध्ये होती, सगळीच्या सगळी. त्याच्या वर काही म्हणजे काही ठेवलं नव्हतंस. माझ्या मते हे धाडस नव्हे, वेडेपणा आहे. कानाच्या उंबऱ्याखालून माणसाच्या घरात शिरायचं, आणि बरोबर एकही ओळखीचा आवाज न्यायचा नाही. मी वहीत सुताराच्या अभिप्रायाखाली लिहिलं, ‘चूक आमची होती. उद्या सकाळच्या खेळाला खुर्ची बोलेल. या.’ ते येणार कसे, याची काळजी मावशींनी केली. मावशींच्या घराचं दार या सुतारांनीच बसवलेलं आहे. ‘ऐकू येत नाही म्हणून काय झालं, माझा निरोप त्यांना सगळ्यांच्या आधी कळतो,’ असं म्हणून त्या जाताना त्यांच्याकडे वाकडी वाट करून गेल्या.

दहाव्या दिवशी मी काचेमागे बसले नाही. नोकरीच्या चार वर्षांत पहिल्यांदा खाली, लोकांत बसले, सुतारांच्या मागच्या रांगेत. मांडीवर आवाज मोजायचं यंत्र ठेवलं होतं. खेळाला दोनशेच्या वर माणसं होती. नावाडिणीने हात ठेवला. मागून कुणीतरी, बहुतेक दुसऱ्यांदा आलेला असणार, शिट्टी घालायला तोंडात बोटं घातली. ती शिट्टी आलीच नाही.

आधी काही ऐकू आलं नाही. आधी माझा चष्मा नाकावर थोडा सरकला. मग खुर्चीच्या पाठीतून कमरेत, कमरेतून बरगड्यांत काहीतरी हळूहळू चढत गेलं, आणि मला कळेना की मी श्वास घेते आहे की कुणी मला आत घेत आहे. भीती नव्हती. म्हणजे होती, पण समुद्राच्या काठी पहिल्यांदा उभं राहिल्यावर असते तशी, जिच्यात पळून जावंसं वाटत नाही. पुढे एका बाईच्या खांद्यावर झोपलेलं बाळ जागं झालं, रडलं नाही, डोळे मोठे करून छताकडे बघत राहिलं. सुतारांनी एक चप्पल काढली आणि तळवा जमिनीला टेकवला. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते, नवीन लाकूड तपासतात तसे. एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांच्यामागे बसलेल्यांपैकी कुणीही त्यांना ‘बसा’ म्हणालं नाही. एवढा मोठा जीव इतकी वर्षं आपल्या खाली होता, आपण त्याच्यावर भांडलो, घरं बांधली, आणि त्याने कूस बदलली नाही ती आपण पडू नये म्हणून. हे मला तेव्हा कळलं. तीन भागांत ते कुणीच बोलून दाखवलं नव्हतं. तू ते बोलून दाखवलं नाहीस, तरी कळलं.

भुंग्या, मांडीवरच्या यंत्राकडे मी पाहिलंच नाही. मोजायचं विसरले. मी.

दिवे लावले नाहीत. नावं पूर्ण जाऊ दिली. तुझं नाव खालून तिसऱ्या गटात आहे, आणि त्या वेळीही निम्मं थिएटर बसलेलंच होतं. साहेब दारातून घड्याळ दाखवत होते. त्यानंतरच्या सहा दिवसांतले अभिप्राय मी वेगळ्या कागदावर उतरवून सोबत जोडले आहेत. सगळे चांगले नाहीत. घोडा अजून सापडलेला नाही. पण हे बघ : ‘देवबीव मानत नाही. तरी उभा राहिलो. का ते विचारू नका.’ ‘वडील गेले त्या दिवशी त्यांच्या छातीवर कान ठेवला होता. आज ते उलट्या बाजूने ऐकलं.’ ‘आधीही पाहिला होता, तेव्हा लिहिलं होतं की आवाज गेला. ते खोडतो. आवाज गेला नव्हता, आम्हीच पोचलो नव्हतो.’ आणि त्या काकूंचा : ‘आज रडले. खरंच रडले. नवऱ्याला आणलं नव्हतं.’ सुतारांनी दोनच शब्द लिहिले, ‘आता बोलली.’ मावशींनी या सोमवारी शेवटी सिनेमा पाहिला. बाहेर येऊन खिडकीत बसल्या आणि बराच वेळ कुणालाच तिकीट देईनात. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, ‘वहीत हे नव्हतं गं.’

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. पहिल्या दिवशी, दिवे लावल्यावर, वर त्या स्टुलावर बसून मी फोनवर एक अभिप्राय टाकला. टोपणनावाने. एक तारा. ‘डोंगर पोखरून उंदीर काढला, आणि तोही मुका. शेवटी सतरा सेकंद आवाज गायब आहे. आवाजाचं मिश्रण करणारा झोपला होता, त्याला उठवायला चौथा भाग काढा.’ वाक्य जमलं म्हणून मी स्वतःशी हसलेसुद्धा होते. पुढे ते किती हजार लोकांनी पसरवलं, ते तुला माहीत आहे. तू ज्याला जाणकार म्हणालास ती मी. तुझा निरोप आला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तेव्हा मला वाटत होतं की मी क्रूर असले तरी बरोबर आहे, आणि बरोबर असण्याच्या आड मला बरंच काही लपवता येतं. चार दिवसांनी तो आडोसाही गेला, तरी आजपर्यंत धीर झाला नाही. काल साहेबांना सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. नोकरीचं काय ते पुढच्या आठवड्यात ठरेल. आज सकाळी मी त्याच जागी माझ्या खऱ्या नावाने, थिएटरच्या नावासह, गाळणीसह सगळं लिहून टाकलं आहे. ते हजारो लोक वाचणार नाहीत, दुरुस्ती कुणी पसरवत नाही. तुला पंपांचं दुकान आवडत असेल तर जरूर जा, दाजी भले आहेत. पण माझ्या वाक्यावरून जाऊ नकोस. ते वाक्य तुझं काम न ऐकता लिहिलं होतं. हे फोनवर दोन मिनिटांत सांगून झालं असतं, हे मला कळतं. पण फोनवर तू लगेच ‘जाऊ दे गं’ म्हणाला असतास, आणि मला ते जाऊ द्यायचं नाही.

माफी न मागता, कारण ती मागायचा हक्क अजून माझा नाही,
तुझीच