परातीतली तुझी बाजू

प्रिय सोखना,

फोनवर तू म्हणालीस, "आई, मासळीभात करणं सोडलंय मी. माझ्या हाताला चवच नाही."  तेव्हापासून घास गोड लागत नाही गं.

काल एकाच परातीभोवती जेवायला तुझे बाबा, दोघे भाऊ आणि मी. नेहमीसारखा परातीच्या मधला मासा मोडून मी एकेकाच्या पुढ्यात सारत होते. सगळ्यांचं झालं, तरी माझ्या डावीकडचा भात तसाच, वर माशाच्या गालाचा मऊ तुकडा. तू परदेशी गेल्यापासून सहा वर्षं तुझ्या त्या जागी कुणी बसत नाही, पण हात जातोच. बाबा मला म्हणाले, "यासिन, तुझा हात काय मार्सेयपर्यंत पोचतो होय?" सगळे हसले. मीही हसले, आणि हात धुवायला गेले ती लवकर परत आलेच नाही.

लहानपणी तुला दुसऱ्याच्या पुढ्यातलं ओढायची खोड. "आपल्यासमोरचं खा, बाकीचं आई देते," म्हणत किती चापट्या मारल्या असतील. पण लसूण-मिरची कुटून माशाच्या चिरांत भरावी तर तूच. शेजारची थियाबा म्हणायची, "पोरीने तुझ्यावर ताण केलीय." आणि म्हणे तुझ्या हाताला चव नाही.

चुलीवरच्या भांड्यापाशी मात्र मी कुणाला फिरकू दिलं नाही. त्याचं कारण आज सांगते. रश्शाला उकळी आली की मी त्यात कापडाची एक पुरचुंडी सोडते. तिच्यात आंबवून वाळवलेल्या माशाचा बोटभर तुकडा असतो. भात वाढण्याआधी ती काढून टाकते, कारण बाबांना तो नुसता दिसला तरी जेवण नको होतं. चव सगळी त्याचीच. तू फोनवर कृती विचारलीस तेव्हा टोमॅटो, चिंच, कोबी सगळं सांगितलं, एवढंच गाळलं. विसरले नव्हते. वाटलं, तिथं तुला घरचा भात जमला तर तू इकडे कशाला येशील? त्या चवीसाठी तरी येशील म्हणून थांबले. तू आली नाहीस, उलट स्वतःच्याच हाताला नावं ठेवायला लागलीस. चूक माझी होती, पोरी. मला माफ कर.

थियाबा परवा लेकाकडे तिकडेच निघालीय. तिच्याबरोबर बारा पुरचुंड्या पाठवतेय. वास येईल, खिडकी उघड. अरामला शेजारी बसव, मासा मोडून तिच्या पुढ्यात सार. माझ्या नातीला आपली बाजू कळू दे. भात जमला की कळव. आणि जमला तरी ये.

तुझ्या बाजूचा भात रोज राखणारी,
तुझीच आई