दुधनीचा फोन

२९ नोव्हें. ९८, रविवार

'मसाटच्या कामगार बंधूंनो, दुधनीच्या आयाबहिणींनो! तुमची गावं वेगळी, बोली वेगळी, पण वाट बघणं एकच. मशीनमध्ये हात गेला तरी दवाखान्याच्या गाडीची वाट, बाळ अडलं तरी गाडीची वाट.'

अशी सुरुवात केली आणि सभा पहिल्या मिनिटातच हातात आली. मसाटच्या एका शेठने सरकारी दवाखान्याला मोबाईल दिलाय. तो महिनाभर सिल्वासात डॉक्टरांच्या टेबलावर, साध्या फोनच्या शेजारी पडून आहे. मी विचारलं, जिथून हाक यायची तिथे तोंड नाही आणि इथे कान दोन, हा कुठला न्याय? फोन दुधनीच्या उपकेंद्रात गेलाच पाहिजे. टाळ्या थांबेनात. डॉक्टर मंचावरच होते. उठून म्हणाले, "मास्तरांचा हुकूम. शुक्रवारी पाठवतो."

दुधनीच्या सिस्टर, सुमनताई, मागून हात वर करून काहीतरी सांगत होत्या. खाली बसा अशी खूण केली. ओघ तुटला असता.

घसा बसला. पण घरात पाय ठरत नाही.

४ डिसें., शुक्र.

शाळेतून रजा. फोनबरोबर मीही दुधनीला. उपकेंद्राच्या दारात केळीचे खांब, रांगोळी. फोन पाटावर, झेंडूची माळ घातलेला. नारळ फुटेपर्यंत चालू करायचा नाही असं सगळ्यांचं ठरलेलं. नारळ फुटला, कुंकू लागलं, मी बोललो, गूळखोबरं वाटलं, तेवढ्यात परतीची एसटी आली. चालू करायचा राहिलाच. संध्याकाळी सिस्टर करतील.

धरणाच्या पलीकडच्या पाड्यावरून लाडक्या होडी घेऊन आला होता, सून सोमीला तपासून घ्यायला. गेल्या वर्षी हिचंच पहिलं बाळ अडलं. होडीतून दुधनी, मग एक माणूस खानवेलला फोन करायला पळाला, मग कुठे गाडी. बाळ गेलं. आता आठवा महिना लागतोय. सिस्टर म्हणाल्या, या वेळीही जपावं लागेल, रक्त कमी आहे.

सोमीला म्हटलं, आता काळजी नाही, फोन आलाय. ती पदरात हसली. लाडक्या सगळ्यांना तूच म्हणतो, मोठ्या साहेबांनाही. मला म्हणाला, "तू बोलला, मास्तर. आता तुजा खोका बोलू दे."

९ डिसें., बुध.

फोन बोलत नाही.

सुमनताई अहवाल द्यायला सिल्वासाला आल्या होत्या, त्या तशाच डोकमर्डीला माझ्या घरी आल्या. रेंज नाही. आत नाही, बाहेर नाही, शाळेच्या गच्चीवरही नाही. पडद्यावर काडी एकसुद्धा उमटत नाही.
"मी सभेत तेच सांगत होते सर. आमचे हे सुरतेहून असा फोन घेऊन आले होते दिवाळीत. खानवेलच्या पुढे तो मुका झाला."
मी कंपनीवर घसरलो, टॉवर कुठे लावायचा याची अक्कल नाही वगैरे. त्यांनी चहा संपवला. त्या गेल्यावर कुंदा भांडी विसळता विसळता म्हणाली, "बोलायला उभे राहिलात की तुम्ही ऐकलंय कधी कुणाचं? आपल्या लग्नातसुद्धा भटजींना मध्येच थांबवलं होतं."
चिडून फिरायला गेलो.

१३ डिसें., रवि.

पुन्हा दुधनी. फोन हातात घेऊन टेकडी चढलो. मग दुसरी. करवंदीत धोतर फाटलं. हात वर करून गोल फिरायचं, खाली आणून बघायचं. काडी नाही. इतकी जाड जाड पुस्तकं वाचली, विजेचा इतिहास, तारायंत्राचा इतिहास. भाषण ठोकण्याआधी जागेवर जाऊन एकदा बटण दाबून बघावं, एवढं शहाणपण त्यात कुठेच सापडलं नाही, की सापडलं आणि मी पान उलटलं?

लाडक्या खाली जाळं सुकवत होता. "मास्तर, देवाला दाखवतो का?" बायका हसल्या. मीही हसलो, पण...

२८ डिसें., सोम.

डॉक्टरांनी बोलावलं. टोमणा मारतील म्हणून तयारीत गेलो. मारला नाही. म्हणाले, "फोन परत आणू. गाडीच्या ड्रायव्हरकडे देऊ. मसाट, डोकमर्डी, सगळीकडे लागतो. निदान कामगारांना उपयोग होईल."

बरोबर आहे. शब्द न् शब्द बरोबर. आणि मी म्हणालो, महिनाभर थांबा, टॉवरसाठी कंपनीला पत्र लिहितो.

का म्हणालो? फोन परत आला तर सभेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणून. इथे लिहून ठेवतो, निदान स्वतःशी तरी लपवाछपवी नको.

७ जाने. ९९, गुरु.

पत्राला उत्तर नाही. मसाटला एका कारखान्यात जळगावकडच्या कामगाराची बोटं गेली. गाडी कुठेतरी रस्त्यात होती, निरोप पोचला नाही, टेम्पोतून नेलं. तो आता बरा आहे. ड्रायव्हरकडे फोन असता तर. हे "असता तर" माझ्या खात्यावर.

वर्गात मुलांवर उगाच ओरडलो. फळ्यावर लिहिलेलं पुसलं, पुन्हा तेच लिहिलं.

१६ जाने., शनि.

सुमनताईंना निरोप धाडला, मंगळवारी येताना फोन परत घेऊन या. हरलो तर हरलो. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सोमीचे दिवस भरत आलेत आणि दुधनीत पुन्हा काहीच नाही, माझं भाषण सोडलं तर.

१९ जाने., मंगळ.

दवाखान्यातून आत्ताच आलो.

सुमनताई फोन पिशवीत टाकून दुपारच्या एसटीने निघणार होत्या. त्याआधी सकाळी पाड्यावरून लाडक्या होडी मारत आला, सोमीला कळा आणि रक्त. त्या पिशवीसकट होडीत बसल्या. तिला घेऊन परत निघाले. पाण्याच्या मधोमध आल्यावर पिशवीत फोन किणकिणला. कसलासा कंपनीचा संदेश. काढून बघतात तर एक काडी. मग दोन.

डोंगरांच्या मधली फट तिथे सिल्वासाच्या बाजूला उघडते म्हणे. काठावर डोंगर आड येतो, भर पाण्यात येत नाही.

लाडक्याने वल्हं रोखून होडी तिथेच धरली. सिस्टरांनी दवाखान्यात लावला, डॉक्टरांनीच उचलला. होडी काठाला लागून सोमीला झोळीतून वर आणेपर्यंत गाडी खानवेल सोडून पुढे आली होती.

सोमी सिल्वासात. रक्त चढवलं. मुलगी झालीय, फार लहान, काचेच्या पेटीत ठेवलीय. डॉक्टर म्हणाले, बाईचा धोका टळला, मुलीचं तीनचार दिवस काही सांगता येत नाही.

लाडक्या व्हरांड्यात उकिडवा बसला होता. मला बघून म्हणाला, "तुज्या खोक्याला पानी लागतं, मास्तर. माशासारखा हाय."
मीही त्याच्या शेजारी बसलो.

२१ जाने., गुरु.

दवाखान्यात. मुलगी तग धरून आहे. आज बोट धरलं म्हणे सोमीचं.

डॉक्टरांशी दीड तास. फोन लाडक्याच्या होडीत ठेवावा, तो दिवसातून चार फेऱ्या करतोच, प्रत्येक फेरीत मधोमध थांबेल, कुठल्याही काठावर कुणी अडलं असलं तर तिथून सांगेल. रात्री फोन उपकेंद्रात चार्जिंगला. ही कल्पना माझी नाही, सुमनताईंची. त्यांनी लाडक्याला शिकवूनही टाकलंय: दोनचं बटण दाबून धरलं की दवाखाना.

डॉक्टर म्हणाले, सरकारी वस्तू नोकरीत नसलेल्या माणसाच्या ताब्यात देता येत नाही. शिवाय मग ड्रायव्हरचं काय? मसाटचं काय? आणि, "तो अंगठेबहाद्दर हो, त्याला काय जमणार."
लाडक्या दारातच होता. "अंगठ्यानंच दाबायचा ना?"
डॉक्टर हसू दाबायला खिडकीकडे वळले. पण हो म्हणाले नाहीत. वरून लेखी परवानगी पाहिजे, अर्ज लिहितो म्हणाले. आणि मसाटबद्दल ते चुकीचं बोलत नाहीत, एक फोन दोन ठिकाणी कसा असेल? शेठला दुसरा मागायला हवा. कोण मागणार?

मीच.

२३ जाने., शनि.

उद्या सभा. तीच जागा, तीच माणसं. भाषण चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. दरवेळी पहिल्या ओळीतच मी मोठा होतो. कुंदाने एक कागद उचलून वाचला आणि म्हणाली, "ह्यात चूक कुठाय? फार सुंदर साडी नेसवलीय तिला, दिसतच नाही."

पाचवा कागद:

'बंधूंनो, बहिणींनो. नोव्हेंबरात मी इथे उभा राहून फोन दुधनीला पाठवायला लावला. तिथे तो चालत नव्हता. सिस्टर सुमनताई हे सांगत होत्या, मी त्यांना बसवलं. चूक कळल्यावरही महिनाभर मी फोन अडवून धरला, लाजेपोटी. त्या महिन्यात मसाटच्या आपल्या भावाला टेम्पोतून जावं लागलं. आज आधी सुमनताई बोलतील आणि मी खाली बसेन.

त्या बोलल्यावर माझं मागणं एकच. सोमवारी सकाळी दहा वाजता दवाखान्याच्या दारात या. घोषणा नकोत. फोन लाडक्याच्या होडीत ठेवायला वरून परवानगी मागणाऱ्या डॉक्टरसाहेबांच्या अर्जावर प्रत्येकाने सही करा. सही येत नसेल त्याने अंगठा उठवा.'

शेठकडे आज दोनदा गेलो. भेटले नाहीत. उद्या सभेआधी पुन्हा जाईन.

मुलगी अजून पेटीतच आहे. दूध घेते, थोडं.