अपिलाच्या दिवशी तुमच्या पाठीमागे

बाबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की तुम्हाला पाहिलेलं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. आई गेली, वकीलसाहेब गेले. घरात मी एकटीच असते. तुम्ही होता तेव्हा तुमच्याशी फार बोलता येत नसे. आमच्या ओठांकडे बघून बघून तुमचे डोळे शिणायचे, म्हणून आम्ही सगळं दोन-चार शब्दांत उरकायचो. आज मात्र सविस्तर लिहायचं मनात आहे.

ब्रह्मदेशच्या लढाईवरून तुम्ही बार्शीटाकळीला परत आलात, तो दुपारचा प्रहर मला आठवतो. दारापाशी कोणीतरी उभं आहे, आई चुलीपासून विचारते आहे, ‘कोन हाय?’ आणि दारातला माणूस उत्तरच देत नाही. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिथेच खाली बसली. तोफखान्यात तोफेच्या अगदी लगत तुमची जागा होती. दोन्ही कान गेले होते. हळूहळू तुम्ही तोंडं वाचायला शिकलात, इतकी छान, की नवख्या माणसाला पत्ता लागू नये. फक्त मिशीवाल्यांचं काही कळत नसे. ओसरीवर चार माणसं बसून हसायची, तेव्हा तुम्हीही हसायचात, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. पुढे तुम्ही ओसरीवर बसणंच सोडलं. आईला तुम्हाला हाक मारायची असली की ती जमिनीवर पाय आपटायची. तुमच्या तळव्यांना ते कळायचं.

अपंगत्वाच्या पेन्शनीचा अर्ज पहिल्या खेपेला नामंजूर झाला. वैद्यकीय बोर्डाने लिहिलं होतं, की कानाचा आजार जुना आहे, नोकरीतला नाही; शिवाय हा इसम समोरून विचारलेल्या प्रश्नांना नीट उत्तरं देतो, तेव्हा बहिरेपणाचं सोंग असावं. मी ते तुम्हाला सावकाश सांगितलं. तुम्ही तो कागद घडी करून बाजूला ठेवलात. मग म्हणालात, “पेन्शन नाई तं नाई. पन मले लबाड काहून म्हनते?” त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या वकीलसाहेबांकडे आपण त्या एका शब्दासाठी गेलो. त्यांचा धाकटा भाऊ त्याच लढाईवरून परतला नव्हता, म्हणून शिपायांची कामं ते मनावर घ्यायचे. त्यांनी मला समजावलं, “भरतीच्या वेळी कान चांगले लिहिलेत आणि सुटताना बहिरा, तर मधे जे झालं ते नोकरीतच झालं असं धरायचं. तसं नाही म्हणायचं असेल, तर सरकारनं दाखवावं. शंका राहिली, तर फायदा शिपायाचा.” मग जरा थांबून म्हणाले, “लहानपणचं काही असलं तर आपण होऊन सांगायला जाऊ नका.” तुम्ही त्यांच्या ओठांकडे बघत होता. मान मात्र हलवली नाहीत.

अपील अमरावतीला होतं. मी तेव्हा तिथेच शिक्षिकेचं ट्रेनिंग घेत होते. तुम्ही बडनेऱ्याला गाडी बदलून आलात, डोक्याला नवा फेटा, हातात आईने बांधून दिलेली भाकर. खोलीत तिघं बसले होते. मधले अध्यक्ष म्हातारे जज्ज, मिशा ओठांवरून उतरलेल्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी ओळखलं. त्यांचा प्रश्न मी तुमच्यापुढे येऊन पुन्हा म्हणू लागले. प्रश्न एकच होता, लहानपणी कान वाहत होता का?

वकीलसाहेब टेबलाकडे बघत राहिले.

तुम्ही उभे राहिलात. “वाहे, साहेब. मायनं औषध टाकून बरा केला. भरतीच्या डाक्टरनं कानात पायलं, मांगून हळू बोलून पायलं, तवा पास केलं. मंग म्या तोफ चालवली.”

मला वाटलं, संपलं सगळं. पण वकीलसाहेब उठले आणि शांतपणे म्हणाले, “कान खराब होता, तर याला तोफेजवळ उभं का केलं? आणि चांगला होता, तर तो गेला कशानं?” अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. तिघांतले लष्कराचे डॉक्टर मात्र म्हणाले, की बहिरेपणाचीच खात्री नाही. त्यांनी मला तुमच्या मागे, भिंतीशी बसवलं, आणि स्वतः तुमच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. आधी त्यांनी तुमचं नाव घेतलं. मग टाळी वाजवली. मग अगदी साध्या, घाबऱ्या आवाजात म्हणाले, “अरे जवान, देखो, तुम्हारी लडकी गिर गयी.”

तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. बाहेर कोणीतरी बैलाला पाणी पाजत होतं. तुमच्या मानेवरची शीरसुद्धा हलली नाही.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. “बस, ठीक आहे,” एवढंच ते अध्यक्षांना म्हणाले.

नंतर आवारातल्या निंबाखाली आपण भाकर सोडली. तुम्ही विचारलंत, “मांगून काय म्हने तो डाक्टर?”

“आकडे मोजत होते,” मी म्हणाले.

“मंग? म्या बराबर केलं ना?”

“हो बाबा. बराबर केलं.”

अपील मंजूर झालं. निकाल आला तेव्हा तुम्ही अकोल्याला जाऊन वकीलसाहेबांना समोर बसवलंत आणि तो त्यांच्या तोंडून वाचून घेतलात. ते सांगायचे, की पेन्शन किती हे तुम्ही विचारलंच नाही. लबाड म्हटलेलं गेलं का, एवढंच विचारलंत. गेलं, असं ते म्हणाले. त्यानंतर तुम्ही कधीमधी पुन्हा ओसरीवर बसू लागलात. हसणं मात्र उशिराच यायचं. ते कुठलं अपील परत देणार होतं?

हे कागद मी पोस्टात टाकणार नाही. घडी करून उशाशी ठेवीन, कंटाळा आला की फाडीन. कोणाजवळ बोलले नाही असं एकच सांगायचं राहिलं. तुम्हाला ऐकू येत नाही, हे त्या खोलीत माझ्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही वळला असता तर आपण हरलो असतो, तुम्ही जन्मभर लबाड ठरला असता. तरीही, डॉक्टर ते बोलले तेव्हा मी तुमच्या पाठीकडे बघत होते, आणि तुम्ही वळाल म्हणून वाट पाहत होते.