पियानो आणि पैठणी

कर्वेनगर, शुक्रवार

चि. जयसिंग यास मुक्ताआक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला, आमच्या भावजयबाई शकूची कंबर आणि आईचे गुडघे आता बरे असतील, अशी आशा आहे. पत्र पाहून दचकू नकोस. फोन केला की तू बिल्डरबरोबर मीटिंगमध्ये असतोस, म्हणून हा उद्योग. पाठवलेली पैठणी पोचली. आबांच्या वारज्याच्या जमिनीचं हक्कसोडपत्र तयार आहे, सोमवारी मला सहीला न्यायला गाडी येईल, हेही ड्रायव्हरने सांगितलं. (तू सांगितलं असतंस तरी चाललं असतं.)

अरे, पण मी सध्या वेगळ्याच जगात आहे! आमच्या सोसायटीतल्या सुहासिनीबाईंनी भिशीचं वाचनमंडळ केलं (पोह्यांचा खर्च वाचतो, हे खरं कारण) आणि एका जुन्या इंग्रजी कादंबरीचं जाडजूड भाषांतर माझ्या गळ्यात मारलं. काय सांगू तुला! दूध उतू गेलं, कुकर करपला, हे डब्याशिवाय ऑफिसला गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पुस्तक संपलं की कळव."

तर एका जमीनदाराची मुलगी. गुरं, कुळं, पेरण्या, सगळं हिच्या अंगावर. बाप वारल्यावर इस्टेट मात्र भावाला, ज्याला घोड्यावर धड बसताही येत नाही. (तू नवी लुना उकिरड्यात घातलीस ते उगाच आठवलं.) भाऊ वाईट नाही हं, तीच तर पंचाईत आहे. मोठ्या मनाने म्हणतो, ताई, पियानो तेवढा घेऊन जा. आणि ही डोळे पुसत आभार मानते! मी पुस्तक आपटलं, मग पुन्हा उचललं, कारण पुढे काय होतं ते कळायला हवं होतं. मंडळात मी इतकी तावातावाने बोलले की सुहासिनीबाईंनी शांतपणे विचारलं, "पियानो तुमचा होता का?"

घरी येऊन आईला फोनवर सगळी गोष्ट सांगितली. आपल्या आईला कादंबरी हा प्रकार ठाऊक नाही. तिला वाटलं, पोरगी आपल्याच शिवारातली. कुणाची लेक, दिली कुठं, विचारत बसली. पियानो म्हणजे काय, तर मी म्हटलं, पैठणीसारखंच समज. त्यावर ती म्हणाली, "मी बी सही केली व्हती गं, तुझ्या मामाला. लुगडं कवाच विरलं. जमीन हाय तिथंच हाय."

मला रडू आलं, जयसिंग. असो. कादंबरीचा शेवट सांगत नाही, तूही वाच.

तुझी
मुक्ताआक्का

ता. क. सोमवारी गाडी जरूर पाठव, आईही येणार म्हणते. फक्त वकिलांना कागद बदलायला सांग. माझा वाटा घातलेल्या कागदावर मी आनंदाने सही करीन. पैठणी परत मागू नकोस, फॉल-बिडिंग झालंय आणि मंडळात तिच्यावर चहाही सांडलाय.

आणखी एक ता. क. राग आला तर शकूशी बोल. कादंबरी कालपासून तिच्याकडे आहे. तिच्या माहेरची जमीन हिंजवडीला, अगदी कंपन्यांना लागून, आणि तिची सही अजून व्हायची आहे. बहिणींच्या वाट्याबद्दल तुझं मत आता काय झालंय, ते सोमवारी गाडीत सांग.