हॅलम आता आपल्यात नाहीत

२ फेब्रु., सोम.
हॅलम गेले. आमच्या फिल्म क्लबात या दिग्दर्शकाचे सिनेमे दाखवणार, दोन शब्द रेकॉर्ड करून पाठवा, असं मी त्यांच्या सिरियलवाल्या अमेरिकन कंपनीला लिहिलं होतं. आज कॉलेजात दुसऱ्या तासाआधी उत्तर: 'ही इज नो लाँगर विथ अस.' बस. अकरा सिनेमे, मग बारा वर्षं टीव्ही, आणि शेवटी एक ओळ! क्लबच्या ग्रुपवर मराठीत टाकलं: हॅलम आता आपल्यात नाहीत. तास घेतलाच नाही.

८ फेब्रु., रवि.
शोकसभा. साठ माणसं! एरवी सिनेमाला वीस जमत नाहीत. फोटोला झेंडूचा हार, दोन मिनिटं उभं राहणं, सगळं रीतसर. सगळे गोड गोड बोलले. शेवटी वानखेडेकाका उठले, आमचे जुने प्रोजेक्टर ऑपरेटर. "सिनेमात होता तवा मानसाचा चेहरा पाहे. टीव्हीत गेला अन् घड्याळ पाहाले लागला. तो तवाच मेला. आपन आज फक्त हार घालून राहिलो."
मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात? मी चहा न घेता निघाले. व्हिडिओ मात्र टाकला क्लबच्या पानावर, पूर्ण.

१० फेब्रु., मंगळ.
हॅलम जिवंत आहेत. परत लिहिते: जिवंत आहेत. त्यांचाच मेल! कुणीतरी व्हिडिओ दाखवला म्हणे.
कंपनीने त्यांना काढलंय. 'विथ अस' म्हणजे कंपनीत! सव्वीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवते मी. धरणीमाते, पोटात घे.
आणि काढलं कशावरून? एका म्हातारीच्या चेहऱ्यावर कॅमेरा लावून बसले, शूटिंगची वेळ संपली तरी 'कट' म्हणेनात.
चिडलेले नाहीत. लिहितात, नोकरी गेल्यावर इथे एक फोन आला नाही, तुमच्याकडे साठ माणसं उभी राहिली. फक्त एक विचारलंय: शेवटचा तो म्हातारा काय म्हणाला? तो एकटाच रागावलेला दिसला.

११ फेब्रु., बुध.
जरीपटक्याला काकांच्या घरी गेले. आधी खो खो हसले, "आयुष्य वाढलं लेकाचं!" मग हॅलमना कशावरून काढलं ते मी सांगितलं. चहाची बशी हातातच राहिली.
म्हटलं, तुमचं बोलणं जरा मऊ करून कळवते.
"काहून वं पोरी? मेलेल्यासंगं खोटं बोललो नाही, आता जित्यासंगं बोलू?"
घरी येऊन शब्दाला शब्द लिहिलं. 'तवाच मेला'सकट. आणि पाठवून दिलं.

१४ फेब्रु., शनि.
तीन दिवस काही नाही. फोटोचा हार काढून टाकला, फोटो कपाटात. जिवंत माणसाचा फोटो भिंतीवरून काढताना जास्त वाईट वाटलं.
दुपारी उत्तर. एकच प्रश्न: 'त्यांना विचारा, मी नेमका कुठल्या एपिसोडला मेलो? ते बरोबर बोलले असं वाटतं. पुन्हा कॅमेरा हातात घ्यायचा की नाही, ते त्यावर ठरवीन.'
लगेच काकांना फोन करून वाचून दाखवलं. काका एकदम बारीक आवाजात, "पोरी, टीव्हीवालं काई म्या पाह्यलंच नाही ना वं. मले वाटलं, तिकडं गेले का सारेच तसे होतात."
एकही?
"एकबी नाही."
तिकडे एकाहत्तर वर्षांचा माणूस उत्तराची वाट बघतोय. मेल उघडून बसले आहे. वर फक्त 'प्रिय हॅलम' लिहून झालंय.