तोंडी माहिती, मुक्काम अकोला

अमरावती, ५ ऑगस्ट १८६४

मुंबईच्या शिल्पमंडळाचं पत्र आलं. 'काळ्या मातीतल्या पुलांचे पाये' हा माझा निबंध त्रैमासिकात घ्यायचा त्यांचा विचार आहे. विचार आहे म्हणजे घेतलाच. सब-ओव्हरसियर चंद्रभान आता छापील चंद्रभान होणार.

अट एकच, आणि तीही किरकोळ. कोणती गोष्ट कुठून घेतली ते शेवटी लिहायचं. आधी आडनाव, मग नाव, मग पुस्तक, गाव, साल, पान. मधे स्वल्पविराम, शेवटी पूर्णविराम. चार दिवसांचं काम. मी दोन दिवसांत करतो.

तिकडे अमेरिकेत लढाई, तिथला कापूस बंद, अन इकडे कापसाच्या भावाने बैलांच्या शिंगांवर चांदी चढली. मला त्याचं काही नाही. मला नुसतं नाव हवं.

९ ऑगस्ट

पाऊस. कागद सादळले. सुरुवात नाही.

१० ऑगस्ट, दुपार

साहेबांच्या कपाटात इंग्रजी बुकं चारच निघाली. चारही यादीत घातली. निबंध वजनदार दिसायला हवा. पान नंबर म्हणजे बुक जिथे आपोआप उघडलं तो. सगळं वाचत बसलो तर पूल कोण बांधणार?

संध्याकाळ

चौथं बुक घोड्यांच्या रोगांवर आहे. चित्रं पाहिल्यावर कळलं. पायांवर अख्खं प्रकरण आहे, तेव्हा अगदीच गैर नाही. राहू दिलं.

१४ ऑगस्ट

घरमालक रामराव येऊन बसले. त्यांना बातमी लागलीच होती. एवढा कापूस विकला तरी आमचं गळकं छप्पर शाकारायला या माणसाचा हात खिशात जात नाही. म्हणाले, दर्यापूरच्या रस्त्यावरच्या पुलाला पडलेली भेग त्यांनी बैलांच्या दमणीतून जाताना स्वतः पाहिली होती, तेव्हा त्यांचंही नाव पुस्तकात यावं. छपराचं पाहू, असंही म्हणाले.

मंडळाचं पत्र पुन्हा वाचलं. कोणी तोंडी सांगितलेलं असेल तर तेही चालतं. लिहिलं: रामराव, तोंडी माहिती, अमरावती, १८६४. फार छान दिसतं.

१५ ऑगस्ट

बायकोला वाचता येत नाही, पण शंका नेमक्या येतात. शालिकराम मास्तरांचं नाव कितवं घातलं म्हणून विचारलं.

आता इथे कोणी वाचणारं नाही म्हणून लिहितो. मुरूम लागेपर्यंत पाया खोदायचा, भोवती वाळू भरायची, पाणी भिंतीला लागण्याआधी काढून द्यायचं, हे सगळं अकोल्याच्या शालिकराम मास्तरांनी मला त्यांच्या मोजणीच्या वर्गात शिकवलं. त्यांच्याच मागच्या खोलीत आम्ही राहायचो. आमच्या थोरल्याच्या वेळचं बाळंतपण त्यांच्या पत्नी गंगूबाईंनी केलं, आईसारखं. पण निबंध मी लिहिला. अक्षर माझं आहे.

म्हणून सांगितलं की गुरूचं नाव घेऊ नये असं शास्त्र आहे. सुचलं ऐन वेळी, पण आहे खरंच.

ती म्हणाली, "तुमचं नाव मी बी घेत नाही. म्हनून भाकर काय दुसऱ्याले वाढतो?"

अडाणी माणसाला शास्त्र समजावणं कठीण.

१६ ऑगस्ट

निबंध पोस्टात टाकला.  

२० सप्टेंबर

मंडळाचं पत्र. छापण्याआधी निबंध अकोल्याच्या एका माहितगार गृहस्थांकडे तपासायला पाठवला आहे.

अकोल्यात माहितगार गृहस्थ पुष्कळ असतील. मोठं गाव आहे.



अकोला, २८ सप्टेंबर

कामाचं निमित्त काढून आलो. मास्तरांच्या ओसरीवर माझाच निबंध, वाऱ्याने उडू नये म्हणून वर अडकित्ता.

मास्तरांनी माझे स्वल्पविराम तांबड्या शाईने नीट केले होते. घोड्यांचं बुक खोडून तिथे खरं बुक, खरं पान. ते पान शोधायला त्यांना किती बुकं चाळावी लागली असतील. स्वतःबद्दल कुठे एक अक्षर नाही. गंगूबाईंनी वांग्याची भाजी दोनदा वाढली, थोरल्याची चौकशी केली. मी गळक्या छपराचं अन रामरावांच्या चिक्कूपणाचंच सांगत राहिलो. शेवटी कोणी न विचारताच मी शास्त्राचं बोलून गेलो. तेही मला त्यांनीच शिकवलेलं.

मास्तर सुपारी कातरत होते. म्हणाले, "बरोबर हाय. आपलं नाव घेऊ नये, गुरूचं घेऊ नये, चिक्कू मानसाचं घेऊ नये. तू आपलं घेतलं, रामरावचं बी घेतलं. शास्त्र पाळलं ते येकट्या माह्यासाठी."

ओसरीवरून उतरून निघून जावंसं वाटलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मास्तरांनी मनात काहीच धरून ठेवलं नाही. निबंध छापण्याजोगा आहे असं त्यांनी मंडळाला कळवलंय. काही घालायचं असलं तर दसऱ्यापर्यंत कळव म्हणाले. मग नव्या पुलांना भेगा गेल्या का, एवढंच विचारलं.

अमरावती, ३० सप्टेंबर

ठरलं. मंडळाला आजच पत्र. पहिलं नाव मास्तरांचं, रामराव खाली.

संध्याकाळ

आधी आडनाव लिहायचं असतं. रामरावांचं नुसत्या नावावर भागलं, मास्तरांचं तसं करून चालणार नाही. मास्तरांचं आडनाव मला माहीत नाही. इतकी वर्षं नुसतं मास्तर. परवा समोर बसलो होतो तेव्हा विचारता आलं असतं, पण कोणत्या तोंडाने?

४ ऑक्टोबर

एका अकोलेकराकडून आडनाव कळलं. पण साल? वाळूचं त्यांनी ५८ साली सांगितलं की ५९? अपुरा संदर्भ देणं म्हणजे मास्तरांचा अपमानच. मी काही तसा शिष्य नाही.

७ ऑक्टोबर

५८ धरलं. पत्र लिहून झालं. अक्षर नीट आलं नाही. उद्या स्वच्छ उतरवतो.

११ ऑक्टोबर

काल दसरा झाला. सोनं वाटण्यात दिवस गेला. पत्र खिशातच आहे. पेठेत कापसाच्या गाड्या इतक्या की पोस्टापर्यंत पोचणं मुश्कील. मुंबईची माणसं मोठ्या मनाची. थांबतील थोडी.

२ नोव्हेंबर

सदरा धोब्याकडे गेला. पत्र खिशात होतं.

१२ डिसेंबर

अंक आला. निबंधाच्या डोक्यावर माझं नाव, ठसठशीत. शेवटी बुकं, त्याखाली रामराव. मास्तर नाहीत.

पेठेत सगळ्यांनी अभिनंदन केलं. रामराव माझा अंक घेऊन दुकानोदुकानी फिरून आले. मी हसत होतो. घरी आलो तेव्हा ती डोक्यावरून पदर घेऊन, कुंकवाचा करंडा घेऊन बसलेली. मास्तरचं नाव कोठी हाय ते दाखवा म्हणाली.

सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. मग पानावर बोट ठेवलं, रामरावांच्या नावावर.

तिने पाण्यात कुंकू कालवून तिथे बोट टेकवलं, कपाळ टेकवलं. म्हणाली, "गंगूबाईचे उपकार फिटत नाहीत. पन निदान येवढं तं झालं."

कुंकू अजून ओलं आहे. अंक मिटता येत नाही.